वाऱ्याची मोजणी आणि माणसांची: साक्री–पिंपळनेरच्या डोंगरांतील नोंदवह्यांचा इतिहास

१/
धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरहून साक्रीमार्गे निजामपूर–छडवेलच्या दिशेने निघाले की ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. त्यांनी किती वीज निर्माण केली, याची नोंद दर महिन्याला होते. वीज कंपनीचे आणि प्रकल्पाचे प्रतिनिधी मीटरचे संयुक्त वाचन करतात, आकडा लिहितात, त्याखाली सह्या करतात. त्या आकड्यावर पैसे मिळत असल्यामुळे युनिटाचा हिशेब चोख राहतो.

२/
ज्या तालुक्याच्या डोंगरांवर हा वारा वाहतो, तेथील भिल्ल, कोकणा आणि मावची कुटुंबांना या उद्योगातून वीस वर्षांत काय मिळाले, याची अशी सह्यांची वही मात्र नाही. किती जणांना किती दिवसांची मजुरी मिळाली, किती गायरान बंद झाले, कोणाच्या जमिनीचे किती पैसे कोणाच्या हाती पडले, हे एका जागी लिहून ठेवण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने कोणावर घातले नाही. ही उणीव पवनचक्क्यांबरोबर आलेली नाही. तिचा या प्रदेशातील इतिहास पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. हा धागा त्या इतिहासाविषयी.

३/
प्रथम स्थळाविषयी थोडेसे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या इंग्रजी गॅझेटियरात आजच्या साक्री तालुक्याची नोंद पिंपळनेर या नावाने आहे. पांझरेच्या काठचे हे गाव दोन जगांच्या सीमेवर वसले आहे. पूर्वेला खोऱ्यातील काळी जमीन, अहिराणी बोलणारे शेतकरी आणि बाजारपेठ. पश्चिमेला सह्याद्रीच्या सोंडा, त्यांपलीकडे डांग आणि नवापूर. या पश्चिम पट्ट्यातील अनेक गावे आज राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतात. साक्री तालुका मात्र पूर्ण अनुसूचित नाही. त्यातील काही गावेच अनुसूचित आहेत, त्यामुळे एका गावाला लागू असलेला कायदा शेजारच्या गावाला लागू नसतो.

४/
इंग्रजांना १८१८ मध्ये खानदेश मिळाला. १८२५ मध्ये त्यांनी भिल्ल पलटण उभी केली. तिचे नेतृत्व जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे होते. ही कथा इतिहासप्रेमी वाचकांना बहुधा ठाऊक असते. तिच्यामागोमाग आलेला एक व्यवहार मात्र फारसा सांगितला जात नाही.

५/
१८४२ साली मुंबई सरकारने डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील जंगल भाडेपट्ट्याने घेतले. सरकारला हवे होते ते सागवान. मोबदला म्हणून राजांना व नाईकांना ठरावीक वार्षिक रक्कम देण्याचे ठरले. आधुनिक परिभाषेत बोलायचे तर बाहेरचा उद्योग आणि मूळ रहिवासी यांच्यातील हा या भागातला आरंभीचा ‘लाभवाटपाचा करार’ होय. रक्कम दरबार भरवून सर्वांसमोर दिली जाई. आजही आहव्याला होळीच्या सुमारास डांग दरबार भरतो आणि पाच राजांच्या वारसांना राजकीय तनखा जाहीरपणे दिला जातो.

६/
दरबार हे पारदर्शकतेचे उत्तम उदाहरण वाटते, आणि एका अर्थी ते तसे आहेही. कोणाला किती मिळाले हे साऱ्या मुलखाने पाहिले. परंतु त्या दरबाराचा विषय असे तो दिलेल्या रकमेचा. डांगच्या जंगलातून किती सागवान निघाले आणि ते काय भावाने विकले गेले, हा हिशेब वनखात्याच्या इंग्रजी वार्षिक अहवालांत राहिला. घेणाऱ्याला आपल्या हातात काय आले ते कळले. ते एकूणाचा कितवा हिस्सा होते, हे कळण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. ‘लाभ’ या शब्दाभोवतीची पुढील बहुतेक भांडणे याच एका फरकातून निघाली आहेत.

७/
डांगच्या राजांशी निदान करार तरी झाला. खानदेशच्या बाजूला तेवढेही झाले नाही. १८७८ च्या वन कायद्याने जंगल राखीव करण्याची पद्धत घालून दिली. सरकारने जाहीरनामा काढायचा, किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची, त्या मुदतीत ज्याला आपला हक्क सांगायचा आहे त्याने वन-जमाबंदी अधिकाऱ्यापुढे सांगायचा. न सांगितलेला हक्क संपला. कागदावर ही पद्धत निःपक्षपाती दिसते. पण डोंगरात फिरती शेती करणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या कुटुंबापर्यंत तो जाहीरनामा पोहोचणार कसा? मुदत सरली, आणि आजा-पणजाने कसलेल्या जमिनीला ‘अतिक्रमण’ हे नवे नाव पडले.

८/
पायथ्याच्या खेड्यांतील वही सावकाराच्या चोपडीची होती. तिच्यातील आकडे वाढत गेले आणि भिल्लांच्या जमिनी हातून निघून गेल्या. ज्याची जमीन होती तोच तिच्यावर सालदार म्हणून राबू लागला. याविरुद्धचा मोठा उठाव १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा–तळोदा भागात झाला. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. अंबरसिंग महाराज आणि १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनी महसुली कागद उघडायला लावले. कोणती जमीन कधी, कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली, हे गावोगाव तपासले गेले. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याविषयीचे कायदे महाराष्ट्राने १९७४ मध्ये केले, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. येथे प्रथमच आदिवासींनी दुसऱ्याची वही स्वतः वाचून घेतली.

९/
दिवाळीनंतर या पट्ट्यातील गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. असे हजारो कोयते दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून बार्डोलीच्या परिसरात या खानदेशी मजुरांचा अभ्यास केला आणि सहकारी साखरेच्या समृद्धीची दुसरी बाजू जगापुढे मांडली. मजुराला पावसाळ्यात ‘उचल’ मिळते. ती फेडण्यासाठी तो हंगामभर राबतो. उचल किती, तोड किती, कपात किती, हे सारे मुकादमाच्या वहीत. हंगामाच्या शेवटी मुकादम सांगेल तो हिशेब. कारखान्याच्या ताळेबंदात मात्र या मजुराचे नावही नसते, कारण कागदोपत्री तो कारखान्याचा कामगारच नाही. हा मुद्दा पवनचक्क्यांकडे वळताना लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१०/
धरणाचीही एक वही आहे. सरदार सरोवराखाली महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावे बाधित होतात. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत तीही धुळ्यातच होती. किती कुटुंबे बुडणार, हा साधा प्रश्न, पण त्याचे उत्तर दशकानुदशके बदलत राहिले. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये प्रकल्पाच्या पायाभूत माहितीतील उणिवांवर नेमके बोट ठेवले, आणि पुढल्याच वर्षी बँकेचे कर्ज थांबले. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाला न्यायमूर्ती दाऊद यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक समिती नेमावी लागली. बाधित कोण हेच जेथे निश्चित नाही, तेथे लाभ कोणाला झाला याची चर्चा सुरू तरी कोठून करायची?

११/
आता पुन्हा साक्री तालुक्याकडे. शरद पाटील (१९२५–२०१४) यांचे नाव महाराष्ट्रात प्राच्यविद्येचे अभ्यासक म्हणून घेतले जाते. धुळ्याचे हे कार्यकर्ते आदिवासी शेतकऱ्यांचे संघटकही होते, हे अनेकदा विसरले जाते. १९७८ मध्ये त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. त्याच सुमारास, डिसेंबर १९७८ आणि सप्टेंबर १९७९ मध्ये, राज्य शासनाने वनजमिनीवरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय काढले. अट होती पुराव्याची. कसत होतो हे सिद्ध करा.

१२/
पुरावा आणायचा कोठून? सातबारा नव्हता, कारण जमीन वनखात्याची. येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. वनखाते अतिक्रमणाबद्दल दंड करीत असे आणि दंडाची पावती देत असे. त्या पावतीवर नाव असे, गाव असे, तारीख असे. ज्यांनी त्या जपल्या, त्यांच्यासाठी गुन्ह्याची पावती हाच वहिवाटीचा दाखला ठरला. ज्यांनी दंडाऐवजी लाच दिली होती, त्यांच्याजवळ काहीच उरले नाही. अभिलेखागारातील कागदाकडे पाहताना तो कोणी, कोणत्या हेतूने लिहिला, हे विचारावे असे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. दंडाच्या पावतीने तो हेतूच उलटा केला.

१३/
१० ऑक्टोबर २००२ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात गावपातळीवरील पडताळणीला आणि वडीलधाऱ्यांच्या साक्षीला स्थान मिळाले. पुढे संसदेने डिसेंबर २००६ मध्ये वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वी जो अनुसूचित जमातीचा शेतकरी वनजमीन कसत होता, त्याचा हक्क मान्य करायचा. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीने तपासायचा. आणि कलम ४(५) नुसार ही पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवायचे नाही. तारखा नीट पाहाव्यात. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहण्याचा काळ हाच आहे.

१४/
त्या आल्या कशा? साक्रीच्या पठारावर वारा पूर्वीही होताच; नवा होता तो हिशेब. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ च्या आदेशात नव्या पवनप्रकल्पांसाठी प्रतियुनिट ३ रुपये ५० पैसे दर ठरवला. त्यात दरवर्षी १५ पैशांची वाढ, आणि करार १३ वर्षांचा. यासोबत आयकरातील वेगवर्धित घसारा: पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्क्यांपर्यंत घसारा दाखवून नफ्यावरील कर वाचवता येई. ज्यांचा विजेशी काही संबंध नव्हता अशा व्यवसायांनाही एक-दोन चक्क्या विकत घेणे फायद्याचे झाले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने या गरजेला अनुरूप अशी पद्धत बसवली. जागा शोधणे, परवानग्या मिळवणे, रस्ते व वाहिन्या बांधणे, यंत्र उभारणे आणि नंतर त्याची देखभाल करणे ही कामे कंपनीकडे, मालकी गुंतवणूकदाराकडे.

१५/
ही पद्धत आर्थिकदृष्ट्या चतुर होती. उत्तरदायित्वाच्या दृष्टीने तिचा परिणाम मात्र विचित्र झाला. जमीन मिळवणारा एक, यंत्राचा मालक दुसरा, वीज घेणारी महावितरण तिसरी, देखभालीच्या कामासाठी स्थानिक माणसे पुरवणारा ठेकेदार चौथा. गावातील कोणी विचारले की या डोंगरावरून गेल्या वर्षी किती उत्पन्न निघाले, तर त्याचे एक उत्तर देऊ शकेल असे एकही दप्तर नाही. प्रत्येकाकडे आपापला तुकडा. ऊसतोड मजुराला कारखान्याच्या ताळेबंदात जागा नव्हती; येथे तर जागा शोधायची कोणत्या ताळेबंदात, हाच प्रश्न झाला.

१६/
चक्क्यांसाठी खासगी जमिनी विकत घेतल्या गेल्या, तशी वनजमीनही १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली वळवण्यात आली. आपण पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीचा काही भाग अशा रीतीने गेला, आमचे दावे मात्र अजून तपासलेच नाहीत, असा आक्षेप आदिवासी शेतकऱ्यांनी घेतला. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेने या प्रश्नावर तालुक्यात आंदोलने केली.

१७/
वनजमीन वळवताना पैसे भरावे लागतात, हे खरे. पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून ‘निव्वळ वर्तमान मूल्य’. २००८ साली या मूल्याचे दर जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत ठरले होते. हे मूल्य कशाचे? जंगल गेल्याने बुडणारे सरपण, चारा, गौण वनोपज, पाणी यांचे. म्हणजे ज्या गोष्टी गावाच्या रोजच्या वापरातल्या, त्यांचे. रक्कम मात्र गेली भरपाई वनीकरणाच्या निधीत, आणि तेथून वनखात्याकडे. २०१६ च्या कायद्याने हा निधी पक्का झाला, तेव्हाही ग्रामसभेच्या संमतीविना तो खर्च होऊ नये ही आदिवासी संघटनांची मागणी कायद्यात आली नाही. नुकसान मोजले गेले ते गावाचे, भरपाई जमा झाली ती खात्याच्या नावावर.

१८/
याच काळात साक्रीच्या वाऱ्याचा हिशेब जर्मनीतील बॉन शहरापर्यंत पोहोचला होता. क्योटो करार १६ फेब्रुवारी २००५ रोजी अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमातील ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ अशी होती की भारतातील प्रकल्पाने वाचवलेला प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइड हे एक क्रेडिट, आणि ते श्रीमंत देशांतील कंपन्यांना विकता येते. धुळे जिल्ह्यातील अनेक पवनप्रकल्प या यंत्रणेत नोंदले गेले. त्यांचे आराखडे आणि पडताळणी अहवाल आजही संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कार्यालयाच्या दप्तरात कोणालाही वाचता येतात. पारदर्शकता म्हणावी तर याहून अधिक काय हवे?

१९/
पण ते आराखडे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. क्योटोच्या कलमात दोन उद्दिष्टे आहेत, उत्सर्जन कमी करणे आणि यजमान देशाचा शाश्वत विकास साधणे. भारताच्या राष्ट्रीय प्राधिकरणाने मंजुरी देताना सामाजिक, आर्थिक, पर्यावरणीय आणि तांत्रिक असे चार निकष ठेवले होते. त्यामुळे प्रत्येक आराखड्यात ‘सामाजिक कल्याण’ या मथळ्याखाली स्थानिकांना रोजगार मिळेल, रस्ते सुधारतील अशी वाक्ये येतात. ती एका आराखड्यातून दुसऱ्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरलेली असतात. पुढे ‘देखरेख’ हे प्रकरण येते, आणि तेथे मोजायची गोष्ट असते ती ग्रिडला दिलेली निव्वळ वीज. मीटरची अचूकता, त्याचे कॅलिब्रेशन, आकडे जपून ठेवण्याचा कालावधी हे सारे तपशीलवार. सामाजिक कल्याणाचा मथळा देखरेखीच्या प्रकरणापर्यंत पोहोचतच नाही.

२०/
पुढे मोठ्या प्रकल्पांनी क्रेडिटच्या उत्पन्नाचे दोन टक्के शाश्वत विकासासाठी द्यावेत, अशी अट प्राधिकरणाने घातली. हेतू चांगला होता. परंतु वीज मोजायला मान्यताप्राप्त तपासनीस होते, त्या दोन टक्क्यांचे काय झाले हे गावात जाऊन त्याच काटेकोरपणे तपासणारी रचना नव्हती. आणि २०१२ च्या अखेरीस क्रेडिटचा भाव टनाला एक युरोच्याही खाली कोसळला, तेव्हा दोन टक्के म्हणजे किती, हा प्रश्नही उरला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये विकासाचे लाभ नोंदवण्यासाठी एक साधन तयार केले; ते ऐच्छिक ठेवले.

२१/
येथे एक सावधगिरी हवी. स्थानिकांना काहीच मिळाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रस्ते झाले, पहारेकऱ्याची कामे मिळाली, ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना पैसे मिळाले. पण किती, कोणाला आणि किती काळ? कंपनी म्हणते विकास झाला, संघटना म्हणते फसवणूक झाली. दोन्ही विधाने तपासून पाहता येतील असा आधारच निर्माण केला गेला नाही. अशा पोकळीत ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे इतिहास म्हणून टिकते.

२२/
ऑगस्ट २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढले की वनजमीन वळवण्यापूर्वी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाली आहे आणि ग्रामसभेची संमती आहे, असे दाखले जोडलेच पाहिजेत. ओडिशातील नियमगिरीवर २०१३ साली १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला, त्याआधीच्या लढाईत या परिपत्रकाचा मोठा आधार होता. साक्रीच्या डोंगरांवर तोवर चक्क्या फिरू लागल्या होत्या. आणि जून २०२२ च्या नव्या वनसंवर्धन नियमांनी हे हक्क पाहण्याची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्य सरकारवर ढकलली.

२३/
वाऱ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. गौण खनिज असलेल्या वाळूवर स्वामित्वधन आहे, कोळशावर आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यात स्वामित्वधनाच्या १० ते ३० टक्के रक्कम बाधितांसाठी जमा होते. त्या निधीच्या वापराविषयी तक्रारी भरपूर आहेत, पण निदान तक्रार करायला एक निधी आणि एक हिशेब आहे. वारा खनिज नाही. त्याच्यावर स्वामित्वधन नाही, म्हणून प्रतिष्ठानही नाही. राहिले २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाचे दोन टक्के. ते नफ्यावर मोजले जातात, म्हणजे तोट्यातील कंपनीवर बंधन नाही. आणि त्यांची नोंद जिल्हावार मिळते, पाड्यावार नाही.

२४/
नवीकरणीय ऊर्जेचा हा प्रश्न पवनचक्क्यांपुरता राहिला नाही. साक्री तालुक्यातच शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये जर्मन विकास बँकेच्या कर्जातून उभा राहिला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिंदखेडा तालुक्यातील विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने दोंडाईचा सौर प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातील तफावतीची दाद मागता मागता जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. ते आदिवासी नव्हते. पण शेजाऱ्याला किती मिळाले आणि आपल्याला किती, आणि का, या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळत नाही तेव्हा काय होते, हे त्या घटनेने राज्याला दाखवले.

२५/
इतरत्र काय झाले? नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये फोसेन येथील पवनचक्क्यांचे परवाने सामी रेनडिअरपालकांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात, असा निर्णय दिला. चक्क्या तरीही फिरत राहिल्या. तरुण सामींनी ऑस्लोत मंत्रालयांची दारे अडवल्यावर २०२३ च्या अखेरीपासून २०२४ च्या मार्चपर्यंत समझोते झाले. कॅनडात खाण कंपन्या आणि मूळ रहिवासी यांच्यातील लाभाचे करार बहुधा गोपनीय असत. तेथील २०१४ च्या कायद्याने आदिवासी शासनांना दिलेली मोठी देणी जाहीर करण्याचे बंधन घातले, आणि त्यांच्या बाबतीत ते २०१७ पासून लागू झाले. तेथेही जाहीर होते ती दिलेली रक्कम. डांग दरबाराची आठवण व्हावी.

२६/
याच तालुक्यात, पिंपळनेरच्या पश्चिमेला, बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे छोटेसे गाव आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या गावाने १९९० च्या दशकापासून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. कुऱ्हाडबंदीचे नियम गावाने केले, दंड गावाने ठरवला. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि वनभाज्यांच्या स्पर्धेमुळे गाव सर्वत्र माहीत झाले. बारीपाड्याची कथा उद्योगाची नाही, आणि तिची पवनचक्क्यांशी सरळ तुलना करणे चुकीचे ठरेल. मात्र लिखापढी आदिवासींना जमत नाही, ही जी सबब १८७८ पासून दिली जाते, तिचे उत्तर याच डोंगरात आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २०११ पासून स्वतःच्या बांबूची विक्री करून ग्रामसभेत पैशापैशाचा हिशेब वाचला, ते दुसरे. आणि २०१५ पासून पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. त्याचा खर्च ग्रामसभेने ठरवायचा असतो.

२७/
पवनचक्कीचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षांचे असते. साक्रीच्या पठारावरील पहिल्या पिढीच्या चक्क्या आता त्या वयाला पोहोचत आहेत. १३ वर्षांचे ते करार तर केव्हाच संपले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जुन्या चक्क्या काढून त्यांच्या जागी मोठ्या बसवण्याविषयीचे धोरण जाहीर केले आहे. म्हणजे याच डोंगरांसाठी नवे करार होणार. २००५ साली वनहक्काचा कायदा नव्हता, महाराष्ट्राचे पेसा नियमही नव्हते (ते २०१४ चे). आज दोन्ही आहेत.

२८/
मीटरच्या वीस वर्षांच्या नोंदी महावितरणच्या दप्तरात आहेत, आणि वनजमीन वळवल्याच्या फायली वनखात्यात. दोन्ही कार्यालयांना माहितीचा अधिकार लागू आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये.